ढेकूण नक्की कुणाचा?

ढेकणांवर लेख म्हटल्यावर निम्मे वाचक इथूनच परत फिरणार, याची मला कल्पना आहे. उरलेल्यांपैकी काही जण वाचता वाचता उगाचच मान खाजवतील. खुशाल खाजवा. हे लिहिताना मीही दोनदा उठून गादीच्या शिवणी बघून आलोय.

गडकिल्ले, जुनी पत्रं, आमच्या गावचा बंद पडलेला छापखाना असं बरंच काही इथे लिहून झालं. त्यावर मामीचा निरोप आला, "आता जरा घरातलं काहीतरी लिही." मामी, हे घे. याहून घरातलं मला काही सुचलं नाही.

घरात त्रास देणाऱ्या किड्यांची आपल्याकडे काही कमी नाही. स्वयंपाकघरात झुरळं आणि मुंग्या, पुस्तकांच्या कपाटात कसर, दाराच्या चौकटीला वाळवी, आणि डास तर सगळीकडेच. झुरळ दिसलं की आपण पाहुण्यांदेखत किंचाळतो. वाळवी लागली की चार जणांना फोन करून 'तुम्ही कुणाला बोलावलं होतं हो?' असं विचारतो. डासांवर तर रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशीही अर्धा तास गप्पा होतात. ढेकूण झाले की मात्र आवाज एकदम खाली येतो. सख्ख्या बहिणीलाही आपण सांगत नाही.

असं का? डास मलेरिया देतो, डेंग्यू देतो. माशी अन्नावर बसून पोट बिघडवते. ढेकूण चावतो, खाज सुटते, झोपेचं खोबरं होतं, कुणाकुणाला अ‍ॅलर्जी येते. पण घरातल्या ढेकणानं माणसाला एखादा रोग दिला, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. म्हणजे त्यातल्या त्यात हा कमी गुन्हेगार, आणि सगळ्यात जास्त लाज मात्र याचीच! ही लाज कुठून आली, हे शोधायला गेलो आणि बराच लांब जाऊन पोचलो. त्याचीच ही गोष्ट.

आधी प्राण्याची ओळख. मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तपकिरी. पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. रक्ताशिवाय दुसरं अन्न नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून मोठं होईपर्यंत पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्ताचं जेवण लागतं. जेवण पाच-दहा मिनिटांत आटपतं, मग साहेब पुन्हा फटीत. नाहीच मिळालं काही तर महिनोन् महिने उपाशी राहायची तयारी. माणसाला चावणाऱ्या त्याच्या दोन मुख्य जाती, एक थंड मुलखातली आणि एक आपल्यासारख्या उष्ण मुलखातली. चिरडला की येणारा तो वास ज्यांना आठवतोय, त्यांच्यासाठी एक गंमत. इंग्रजीतला 'कोरिअँडर' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा संबंध 'कोरिस' म्हणजे ढेकूण या शब्दाशी जोडतात. दोघांच्या वासात एकाच गटातली रसायनं असतात. उद्या पोह्यांवर कोथिंबीर पेराल तेव्हा माझी आठवण काढू नका.

ढेकणाचं घराणं आपल्यापेक्षा फार जुनं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार या कुळाचे पूर्वज सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वी होते, म्हणजे डायनोसॉरच्या काळात. माणसाला चावणारा ढेकूण मूळचा वटवाघळांचा सोबती. माणूस गुहांत राहायला लागला आणि काही ढेकणांनी यजमान बदलला. इजिप्तमधल्या अमार्ना या जागी, कारागीर राहायचे त्या वस्तीत, पुराणवस्तू संशोधकांना साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ढेकूण सापडले आहेत. माणूस गुहेतून गावात आला, गावातून शहरात आला, हाही मागोमाग आला. ज्या घरात माणूस झोपतो ते याचं घर. माणसाची जात, पगार, साबण, यातलं काही तो बघत नाही.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं ठाऊक होतं. संस्कृतात ढेकणाला मत्कुण म्हणतात. लक्ष्मी कमळावर झोपते, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात. या सगळ्यांनी अशा अडचणीच्या जागा निवडल्या त्या ढेकणांच्या भीतीनं, अशा अर्थाचं एक सुभाषित आहे. ज्यानं ते रचलं त्याची त्या रात्री झोप झाली नसणार! यात गंमत बघा, देवांच्या घरीसुद्धा ढेकूण होऊ शकतात हे गृहीत आहे, आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

पंचतंत्रातली गोष्ट तर थेट राजाच्या पलंगावर घडते. राजाच्या शुभ्र चादरीत मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखानं राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा येतो. ऊ त्याला बजावते, राजा गाढ झोपेपर्यंत थांब. पाहुण्याला दम कुठला! तो आधीच कडकडून चावतो. राजा उठून बसतो, सेवक दिवे घेऊन धावतात. ढेकूण केव्हाच पलंगाच्या फटीत गेलेला असतो. चादरीच्या घडीत सापडते ती बिचारी ऊ, आणि मारली जाते. अनोळखी पाहुण्याला थारा देऊ नये, असं त्या गोष्टीचं तात्पर्य आपल्याला शाळेत सांगितलं. मला आता त्यात दुसरंच काही दिसतं. चावला कोण आणि सापडलं कोण, याचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. ही ऊ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा आपल्या शेजारी, सुरतेला जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत आला होता. तिथल्या पांजरापोळीत म्हाताऱ्या गाईबैलांबरोबर ढेकूण-पिसवांचीही सोय असल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. या जीवांना खायला मिळावं म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर झोपवत, आणि मध्यरात्री पळून जाऊ नये म्हणून बांधूनही ठेवत! परदेशी प्रवाशांच्या लिखाणात मीठमसाला असतो हे खरं. पण पुढे जेम्स फोर्ब्ज यानंही १८१३ साली आलेल्या आपल्या आठवणींत रस्त्यावरचे भिकारी भाड्यानं आणण्याची अशीच हकिकत दिली आहे. अहिंसेमागची भावना मोठी होती, तिची मी थट्टा करत नाही. पण पुण्य देणगीदाराच्या खात्यावर जमा होत होतं आणि रक्त भाड्यानं आणलेल्या माणसाचं जात होतं, एवढी एक नोंद केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ढेकणाची लाज आणि त्या लाजेवर चालणारा धंदा बघायचा तर लंडनला जायला हवं. १७३० साली जॉन साऊथॉल नावाच्या गृहस्थानं ढेकणांवर एक छोटं पुस्तक काढलं आणि ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हान्स स्लोन यांना अर्पण केलं. ढेकूण मारायचं एक औषध त्याला जमेकामध्ये एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाकडून कळलं होतं. ते त्यानं 'नॉनपरेल' नावानं लंडनमध्ये विकायला काढलं. पुस्तकात सगळं होतं, फक्त औषधाची कृती नव्हती. (मार्केटिंग आजचं नाही!) लंडनमध्ये ढेकूण कुठून आले याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर घरं पुन्हा बांधायला परदेशातून लाकूड आणलं, त्यातून आले म्हणे. म्हणजे ढेकूण आपला नव्हेच, बाहेरून आलेला. हे वाक्य पुढे तुम्हाला फार ठिकाणी भेटेल.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये टिफिन नावाची एक पेढी होती. त्यांच्या पाटीवर 'महाराणींचे ढेकूण-नाशक' अशी पदवी होती. हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या कष्टकऱ्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात या टिफिनची मुलाखत आहे. तो सांगतो की मी फक्त वरच्या वर्गातल्या लोकांचं काम करतो. एकदा राजकन्या शार्लटचा पलंग तपासत असताना तिनं विचारलं, काही सापडलं का? हा नाही म्हणतो न म्हणतो तोच एक सापडला, आणि तो बघायला राजकन्या टुणकन पलंगावर चढली. म्हणजे ढेकूण राजवाड्यातही होतेच. फरक एवढाच की तिथे ते गुपचूप काढायला माणूस नेमता येत होता.

गरिबांना ती सोय नव्हती. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये गलिच्छ वस्त्या पाडून नवी घरं बांधली गेली. तिथे जाणाऱ्या कुटुंबांचं सामान अनेक नगरपालिका बंद व्हॅनमध्ये घालून त्यावर हायड्रोजन सायनाइड वायू सोडत आणि मगच नव्या घरात नेऊ देत. उपाय म्हणून तो कामाचा होता, ते नाकारता येणार नाही. पण नव्या घराच्या आनंदाच्या दिवशी सगळ्या गल्लीदेखत आपल्या गाद्या-खुर्च्या त्या गाडीत चढताना बघणं कसं वाटलं असेल, याचा विचार करा. राणीच्या पलंगातला ढेकूण हे खासगी काम, आणि मजुराच्या पलंगातला ढेकूण हा त्याच्या राहणीचा पुरावा.

आपल्याकडे ढेकणावर वेगळाच आळ आला होता. मद्रासमध्ये काम करणाऱ्या पॅटन या डॉक्टरनं १९०७ साली काळ्या आजाराचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढतात असं दाखवलं. त्यावरून हा आजार ढेकूणच पसरवतो, असा कयास झाला आणि संशय पुढे बरीच वर्षं राहिला. शेवटी १९४२ मध्ये आसामात स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या तिघांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून सिद्ध केलं की हे काम एका बारीकशा वाळूमाशीचं, सँडफ्लायचं आहे. पस्तीस वर्षांनी ढेकूण निर्दोष सुटला! मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगचंही थोडंफार असंच. तेव्हा संशय हवेवर, जमिनीवर आणि मुख्य म्हणजे चाळीत दाटीनं राहणाऱ्या माणसांवर होता. त्यांची घरं उघडून, सामान बाहेर काढून धुलाई चालली होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरावरची पिसू पकडून दिली, पण त्याचं म्हणणं सर्वांना पटायला आणखी काही वर्षं गेली.

त्या प्लेगनंतर मुंबईत घरांचा विचार सुरू झाला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांच्या आसपास. परळची आमची चाळ त्यातली नव्हती, पण खोलीचं माप साधारण तेवढंच. त्यात आम्ही नऊ जण. आजी आणि आजोबा खाटेवर, बाकी सगळे जमिनीवर रांगेत.

ढेकूण नव्हते असं घर आमच्या मजल्यावर नव्हतं. खाटेच्या नवारीत, कॅलेंडरच्या मागे, देवाच्या तसबिरीच्या चौकटीत, भिंतीत ठोकलेल्या खिळ्याच्या भोकात... जिथे नख जाईल तिथे ढेकूण. पण माझ्या आठवणीत त्याची लाज कुठेच नाही. मे महिन्यात एक रविवार ठरायचा. ठरवायची आमची आजी आणि शेजारच्या खोलीतल्या काकू. त्या दिवशी मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी गाद्या, गोधड्या, उश्या गच्चीवर न्यायच्या आणि खाटा गॅलरीत उभ्या करायच्या. स्टोव्हवर पाणी उकळून किटलीनं खाटेच्या सांध्यांत ओतायचं. कुणी रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस फटींत कोंबायचं, कुणी भिंतीची भोकं चुन्यानं बुजवायचं. आम्हा पोरांना कामगिरी असायची गच्चीवर बसून गाद्यांच्या शिवणी तपासायची. कुणी किती मारले याची मोजदाद व्हायची आणि त्यावरून भांडणंही व्हायची.

आजीचा नियम एकच होता. सगळ्यांनी एकाच दिवशी. एखादं बिऱ्हाड गावाला गेलेलं असलं तर रविवार पुढे ढकलायचा, पण कुणाला वगळायचं नाही. ती म्हणायची, "एकीनं हाकलले तर ते दुसरीकडे पाहुणचाराला जातात, आणि महिन्यानं दुसरीकडचे आपल्याकडे येतात." आजी चौथीपर्यंत शिकलेली. आज कीटकशास्त्रज्ञ नेमकं हेच सांगतात, की एका घरात औषध मारून भागत नाही, शेजारची, वरची, खालची घरं तपासावीच लागतात. भिंतीतल्या वायरींच्या आणि पाइपांच्या वाटेनं ढेकूण एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

तेव्हा हातात हत्यार म्हणजे फ्लिटचा पंप. हा फ्लिट मूळचा अमेरिकेतला, १९२३ सालचा. लहान मुलांच्या पुस्तकांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या डॉ. सूस यांनी उमेदीच्या काळात याच्या जाहिरातींची चित्रं काढली होती. पुढे कुठल्याही कंपनीचं औषध असो, आपल्याकडे पंप तो फ्लिटचाच!

खरी क्रांती केली ती डीडीटीनं. हे रसायन १८७४ मध्येच प्रयोगशाळेत तयार झालं होतं. ते किडे मारतं हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलर यांना कळलं आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकदा भिंतीवर मारलं की महिनोन् महिने काम करायचं. युरोप-अमेरिकेतल्या घरांतून ढेकूण जवळजवळ नाहीसे झाले. तिकडच्या दोन पिढ्या ढेकूण न बघताच मोठ्या झाल्या. आपल्याकडे १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांत फवारणीवाले येऊ लागले.

पण ढेकूण हा प्राणी साडेअकरा कोटी वर्षं उगाच टिकलेला नाही. १९४७ मध्येच, म्हणजे म्युलर यांना नोबेल मिळायच्या आदल्या वर्षी, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले. मग जगात ठिकठिकाणी तेच झालं. फवारणी मलेरियाच्या डासासाठी होती, पण लोक तिचं यश मोजत होते ढेकणांवरून. ढेकूण मरेनासे झाल्यावर 'तुमचं औषध भेसळीचं' म्हणून कितीतरी ठिकाणी लोकांनी फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं. ज्या किड्यापासून रोग होत नाही, त्याच्यापायी रोग आणणाऱ्या डासाला अभय मिळालं!

डीडीटीनंतर दुसरी औषधं आली, तीही हळूहळू बोथट झाली. त्यात विमानप्रवास वाढला, जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री वाढली. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून ढेकूण श्रीमंत देशांत परतले.

माझी भाची २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहायला गेली. (तिला विचारूनच लिहितोय.) भाड्याची जागा छान, स्वच्छ, खाली लॉन्ड्री. तिसऱ्या आठवड्यात दंडावर एका ओळीत गांधी उठल्या. आधी वाटलं अ‍ॅलर्जी. मग गादीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. पुढचे चार महिने त्या मुलीनं जे काढले, ते ऐकवत नव्हते. रात्री दिवा लावून बसायची. मैत्रिणींना घरी येऊ नका म्हणायची, कधी सर्दी, कधी नळ फुटलाय. स्वतः कुणाकडे गेली तर सोफ्यावर टेकायची नाही. गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमाला गेली नाही. तिच्या आईलासुद्धा हे कळलं ते पाच महिन्यांनी. मला म्हणाली, "मामा, चावण्यापेक्षा कुणाला कळेल याचीच भीती जास्त वाटायची."

सुटका कशी झाली? एका संध्याकाळी लॉन्ड्रीत शेजारची बाई सगळे कपडे दुसऱ्यांदा ड्रायरमध्ये घालत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना कळलं. मग समोरच्या बिऱ्हाडानंही कबूल केलं. एकाच जिन्यावरची तीन घरं वेगवेगळी, चोरून, एकाच शत्रूशी लढत होती आणि ढेकूण आरामात इकडून तिकडे ये-जा करत होते! तिघांनी मिळून मालकाला गाठल्यावर मजल्यावरच्या सगळ्या घरांचं काम एकदम झालं. आधीचा भाडेकरू याच कारणानं गेला होता, हेही तेव्हाच समजलं.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये कायदा आला. नव्या भाडेकरूला जागा देताना गेल्या वर्षभरात तिथे ढेकूण झाले होते का, हे मालकानं लेखी द्यायचं. २०१७ मध्ये आणखी एक नियम झाला, त्यानुसार इमारतींच्या मालकांनी ही माहिती दर वर्षी पालिकेला कळवायची असते. कीटकनाशकापेक्षा मला हा उपाय जास्त हुशारीचा वाटतो.

२०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये ढेकणांचा गाजावाजा झाला, तो तुम्ही वाचला असेलच. त्यातला पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सच्या एका मंत्र्यांनी सांगितलं की समाजमाध्यमांवर ही भीती बऱ्याच प्रमाणात रशियाशी संबंधित खात्यांनी फुगवली, आणि युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांमुळे ढेकूण आले अशी खोटी सांगडही घातली गेली. साऊथॉलचं परदेशी लाकूड आठवलं ना?

इतकं लांब जायची गरजही नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आमच्याच सोसायटीत एका घरी ढेकूण निघाले. त्या घरच्यांनी पहिलं काय केलं, तर पोळ्यांना येणाऱ्या मावशींना कामावरून काढलं. 'वस्तीतून येतात ना, पिशवीतून आले असणार.' मावशी सहा वर्षं येत होत्या. गोष्ट जिन्यात कुजबुजत फिरली आणि आणखी दोन घरांनी त्यांना 'सध्या नको' म्हणून सांगितलं. पेस्ट कंट्रोलवाला आला, त्यानं दोन खोल्या तपासल्या आणि शांतपणे सांगितलं की सगळ्यात जास्त ढेकूण मोठ्या बॅगेच्या चाकांजवळच्या अस्तरात आहेत. बॅग परदेशवारी करून महिनाभरापूर्वी आली होती. मावशी तर स्वयंपाकघराच्या पलीकडे कधी गेल्याही नव्हत्या. तेव्हा मला ती पंचतंत्रातली ऊ आठवली. चादरीच्या घडीत जी सापडते ती.

मावशींना परत बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. "दुसरीकडे लागलेय," एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

त्यानंतरच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आजीचा नियम मांडला. बरीच खुसखुस झाली, पण ठराव झाला. ढेकूण दिसले तर सेक्रेटरींना कळवायचं, नाव कुठेही जाहीर होणार नाही, आणि वरची, खालची, बाजूची घरं सोसायटीच्या खर्चानं तपासली जातील. ठरावानंतर दोन महिन्यांत आणखी चार घरांनी कळवलं. म्हणजे ती चार घरं तोवर दार लावून बसली होती.

आता थोडं कामाचं. प्रवासाहून आलात की बॅग पलंगावर ठेवू नका, आधी रिकामी करून तपासा. कपडे कडक गरम पाण्यात धुवा, ५० अंशांच्या पुढे ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. नुसतं ऊन पुरत नाही, कारण गादीच्या आत तेवढी उष्णता पोचतेच असं नाही. जुना सोफा, जुना पलंग घरात आणण्याआधी उलटा करून बघा. आणि एक ऐकीव नव्हे, खरंखुरं: बाल्कन देशांत रात्री पलंगाभोवती घेवड्याची पानं पसरत आणि सकाळी ढेकणांसकट जाळून टाकत. त्या पानांवरच्या सूक्ष्म आकड्यांत ढेकणाचे पाय अडकतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९४३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये तपासून दाखवलं. आपल्याकडच्या घेवड्यावर मी अजून प्रयोग केलेला नाही, घरातून परवानगी मिळाली नाही.

पण या सगळ्याच्या आधीचा उपाय म्हणजे सांगून टाकणं. शेजाऱ्याला, घरमालकाला, ज्याच्याकडे मुक्काम करून आलात त्यालाही. ढेकूण फटीत राहतो, आणि दोन घरांतल्या न बोलण्याएवढी सोयीची फट त्याला दुसरी नाही.

तुमच्या वाड्यात, चाळीत, गावच्या घरात ढेकणांचा बंदोबस्त कसा करायचे? मामी, तुझ्या माहेरी माळ्यावर कसल्याशा पाल्याची धुरी द्यायचे, असं तू एकदा म्हणाली होतीस. कसला पाला, ते फोनवर नको, लिहूनच पाठव.